लुआंग्वाच्या खोऱ्यातील पायी सफारी

पायी सफारी म्हणजे वन्यप्राण्यांच्या मुलखात, मोटारीचा आसरा न घेता, जाणत्या माणसाच्या मागे चालत केलेली भ्रमंती. ही पद्धत रुजली ती पूर्व झांबियात, लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात. नॉर्मन कार या वनाधिकाऱ्याने १९५० मध्ये तेथील न्सेफू या प्रमुखाला बरोबर घेऊन पर्यटकांसाठी छावणी उघडली. जंगलातून मिळणाऱ्या पैशाचा वाटा गावाला मिळावा, ही त्यामागची भूमिका होती. पायी सफारीचा पायाही पुढे कार यांनीच घातला. सुमारे ९,०५० चौरस किलोमीटरच्या या प्रदेशाला १९७२ मध्ये साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

चालणे उजाडताच सुरू होते आणि ऊन चढण्याआधी संपते. पुढे रायफलधारी वनरक्षक, त्याच्यामागे मार्गदर्शक, मग मोजके पाहुणे आणि शेवटी चहाचे सामान घेतलेला मदतनीस, अशी एकेरी रांग असते. कपडे मातकट रंगाचे असतात. निळ्या-काळ्या रंगाकडे त्सेत्से माश्या ओढल्या जातात, म्हणून ते रंग टाळतात.

या चालीत अंतराला महत्त्व नसते. जमीन वाचण्यासाठीच वेळ राखलेला असतो. हत्तीच्या पुढच्या पायाचा ठसा गोल, तर मागच्या पायाचा लांबट असतो. ठशातल्या तळव्याच्या रेषा ठसठशीत असतील, तर माग ताजा. त्यावरून रात्री किडे फिरल्याच्या नक्षीदार खुणा उमटल्या असतील, तर हत्ती त्याआधीच निघून गेलेला असतो. हत्तीला खाल्लेल्यापैकी निम्मेही पचत नाही. त्यामुळे त्याची लीद उकलली की काड्या, साली आणि बिया सापडतात, आणि तो कोणत्या झाडांवर चरला ते कळते. तरसाची वाळलेली विष्ठा पांढरी दिसते; तो हाडे चावून खातो, त्यांतल्या कॅल्शियमचा हा रंग.

सुरक्षितता रायफलीपेक्षा शिस्तीवर अवलंबून असते. मार्गदर्शक मूठभर धूळ सोडून वाऱ्याची दिशा पाहतो आणि माणसाचा वास प्राण्यापर्यंत जाणार नाही अशी वाट धरतो. दाट झुडपातून, मोठ्या जनावरांच्या अंगावर बसणाऱ्या ऑक्सपेकर पक्ष्यांचा कलकलाट आला, तर आत रानम्हैस असण्याची शक्यता धरून रांग वळसा घेते. रात्रभर चरून परतणारा पाणघोडा आणि पाणी यांच्यामध्ये कोणी उभे राहत नाही. प्राणी समोर आला तरी पळायचे नाही, हा पहिला नियम. पळणाऱ्याच्या मागे लागणे ही शिकारी प्राण्याची उपजत प्रवृत्ती आहे.

हे सारे कोरड्या ऋतूतच शक्य असते. साधारण मे महिन्यापासून गवत वाळते, पाणवठे आटू लागतात आणि प्राणी नदीकाठी व नालाकृती सरोवरांभोवती जमतात. नोव्हेंबरच्या सुमारास पाऊस सुरू झाला की नदी फुगते, जमीन चिखलमय होते आणि उंच गवतात समोरचे दिसेनासे होते. त्यामुळे बांबू-गवताच्या हंगामी छावण्या मोडून ठेवतात आणि पुढच्या कोरड्या ऋतूत नव्याने उभारतात.