काठी सरकारची, आधार गावाचा



कायदा व सुव्यवस्था राखणे हे सरकारचे काम. त्यात चार गावकऱ्यांनी किंवा एखाद्या धर्मादाय संस्थेने हात घालण्याचे कारण काय, असा प्रश्न आजचा विषय ऐकून पुष्कळांच्या मनात आला असेल. आमच्या मनात तो जरा अधिकच तीव्रतेने येतो. आमचे आयुष्य कामगारांच्या चळवळीत गेले, आणि पोलिसाची व आमची पहिली ओळख कारखान्याच्या फाटकाबाहेर झाली. संपाच्या दिवसांत मालकाच्या मोटारीतून उतरणारे आणि मालकाच्याच भटारखान्यात जेवणारे पोलीस आम्ही एका कारखान्याच्या दारात पाहिले आहेत. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण त्या दिवशी आम्हांला नव्याने समजली. तेव्हा खासगी पैसा आणि सरकारी काठी एकत्र आली की आमचे कान टवकारतात.

असे असूनही आज आम्ही या सहकार्याच्या बाजूने बोलणार आहोत. मात्र काही अटींवर. त्या अटी कोणत्या आणि त्या कशासाठी, हे समजावून सांगणे हाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम ‘लोकनिधी संस्था’ म्हणजे काय ते पाहू. एक धनिक आपल्या नावाने धर्मशाळा बांधतो, ते दान. पण एका गावचे किंवा शहराचे अनेक लोक आपापल्या परीने पैसा एका कायम निधीत टाकतात आणि जाणत्या नागरिकांची समिती तो त्याच स्थळाच्या गरजांसाठी खर्च करते, तो लोकनिधी. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी 1914 मध्ये फ्रेडरिक गॉफ नावाच्या पेढीवाल्याने असा पहिला निधी उभा केला. आपल्याकडे मुंबईत 1991 मध्ये ‘बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट’ ही त्याच जातीची संस्था निघाली. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हे काम लोकांच्या संघटना, सेवाभावी संस्था आणि मोठे विश्वस्तनिधी मिळून करतात. नाव काही असो. पैसा सरकारचा नाही, आणि काम मात्र सार्वजनिक आहे.

आता हा पैसा पोलिसांच्या कामी कसा येतो? त्यासाठी पोलिसाचे हात कोठे अपुरे पडतात ते आधी पाहिले पाहिजे. उदाहरण आपल्या पोंभुर्ण्याच्या परिसरातले घेऊ. जंगलाच्या कडेला, नाल्याकाठी कोणी मोहफुलाचा सडवा टाकतो. ठाणे दूर, शिपाई मोजके, वाट पायवाटेची. पोलिसांची गाडी गावाच्या वेशीवर येईतो सडवा पालापाचोळ्याखाली गेलेला असतो. तो कोठे आहे हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असते, पण सांगायचे कोणी? सांगणारीचे घर त्याच गल्लीत असते. समजा, माल सापडला. पुढे पंचनामा होतो, त्याला पंच लागतात. मालाचा नमुना रासायनिक तपासणीला जातो. खटला उभा राहण्यास दिवस लागतात. तोवर आरोपी जामिनावर सुटून गावात आलेला असतो आणि पंचाच्या शेताचा बांध त्याच्या शेताला लागून असतो. कोर्टात पंच म्हणतो, ‘मी काही पाहिले नाही, कोऱ्या कागदावर सही घेतली.’ खटला तेथेच कोसळतो.

म्हणजे उणीव काठीची नाही. उणीव आहे ती खबरीची, साक्षीची आणि निर्भयतेची. या तीन गोष्टी कोणत्याही सरकारी भांडारात मिळत नाहीत. त्या गावाकडेच असतात.

हे सरकारलाही ठाऊक आहे. म्हणून तर 1967 च्या ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाचे पद नव्या पायावर उभे केले. 15 ऑगस्ट 2007 रोजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या काळात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली; गावचा तंटा गावच्या समितीपुढे मिटावा, ठाण्याची व कोर्टाची पायरी चढावी लागू नये, हा तिचा हेतू. 2016 मध्ये दारूबंदी कायद्यात दुरुस्ती करून ग्रामसभेने निवडलेल्या ग्रामरक्षक दलाची तरतूद झाली. कागदावर योजना चांगल्या आहेत. परंतु समिती नेमली म्हणजे ती चालतेच असे नाही. बैठक कोणी बोलवायची, घाबरलेल्या बाईला धीर कोणी द्यायचा, तारखेच्या दिवशी पंचाबरोबर तालुक्याला कोणी जायचे? युनियनचा आमचा अनुभव हेच सांगतो की, पावती फाडल्याने सभासद होतो. संघटना मात्र रोज दारोदार फिरल्यानेच होते. हे फिरण्याचे काम करणारी माणसे लोकनिधी पुरवू शकतो.

याचा सर्वांत जवळचा दाखला वैनगंगेच्या पलीकडे आहे. 1982 मध्ये चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था तेथे आरोग्याचे काम करू लागली, तेव्हा स्त्रियांनी रोगांच्या यादीत दारूचे नाव घातले. गावोगावच्या ठरावांतून चळवळ वाढली आणि 1993 मध्ये त्या जिल्ह्यात दारूबंदी आली. बंदी आली तरी चोरटी दारू राहिलीच. म्हणून 2016 मध्ये महाराष्ट्र शासन, टाटा ट्रस्ट्स आणि सर्च यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम उभा केला. दारू आणि तंबाखू या दोहोंविरुद्ध तो होता.

मुक्तिपथाची रचना समजून घेण्यासारखी आहे. त्याला चार पाय होते. पहिला, लोकजागृती. दुसरा, गावाची संघटना; तीत स्त्रिया पुढे. तिसरा, कायद्याची अंमलबजावणी. ती पोलिसांनी व प्रशासनाने करावयाची. चौथा, व्यसनात बुडालेल्या माणसाला उपचार. त्यासाठी तालुक्याला दवाखाना आणि गावात शिबिर. गावसंघटना ठराव करते, विक्रेत्याला आधी समज देते, ऐकले नाही तर पोलिसांना कळवते आणि धाडीच्या वेळी हजर राहते. अटक, जप्ती आणि खटला ही कामे पोलिसांची. संस्थेचा कार्यकर्ता या दोघांमधला दुवा. त्याच्या हाती ना काठी ना बेडी. चारांपैकी तीन पायांना पोलिसांची गरजच नाही, हे आपण ध्यानात घ्यावे. खाटेचे तीन पाय भक्कम असले तरच चौथ्यावर भार पेलतो.

आता नदीच्या अलीकडे या. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात स्त्रियांनी मोर्चे काढले, ‘श्रमिक एल्गार’सारख्या संघटनांनी वर्षानुवर्षे झगडा दिला, आणि 1 एप्रिल 2015 पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. पगाराच्या दिवशी दुकानाच्या रांगेत उभा असणारा खाणकामगार घरी जाऊ लागला, तेंदूपानांच्या मजुरीचे पैसे बाईच्या हाती पडू लागले, असे तेव्हा अनेक बायांनी आम्हांला सांगितले. परंतु मे 2021 मध्ये शासनाने ही बंदी उठवली. चोरटी विक्री बोकाळली, गुन्हे वाढले, त्यांत स्त्रिया व पोरेसोरे ओढली गेली, आणि महसूल बुडाला, अशी कारणे देण्यात आली. बंदी असावी की नसावी, हा वाद आज आम्ही येथे काढीत नाही. परंतु एक गोष्ट उघड आहे. बंदीचा सारा भार पोलिसांच्या एकट्या पायावर टाकला. जागृती, गावोगावची संघटना आणि उपचार हे बाकीचे पाय त्या मानाने दुबळे राहिले. एका पायाची खाट उभी राहत नाही. गडचिरोलीतही चोरटी दारू नाहीशी झालेली नाही, हे आम्ही जाणतो. पण तेथे तिच्याशी झुंजणारे गाव पोलिसांच्या जोडीला उभे केले गेले, हा फरक थोडा नव्हे.

हे केवळ दारूपुरतेच खरे आहे असे कोणी समजू नये. आपल्याच राज्यातली आणखी दोन उदाहरणे पाहू. भिवंडी हे यंत्रमागांचे, कामगारांचे शहर. 1970 आणि 1984 साली तेथे भीषण दंगली झाल्या. पुढे सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने मोहल्ल्यामोहल्ल्यात हिंदू व मुसलमान रहिवाशांच्या समित्या बसवल्या आणि पोलिसांना त्यांच्या बैठकीत बसायला लावले. 1992-93 मध्ये शेजारची मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. तो धडा घेऊन पुढे मुंबईतही नागरिकांनी व पोलीस अधिकाऱ्यांनी मिळून मोहल्ला समित्या उभारल्या.

दुसरे उदाहरण 1984 चे. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी ‘विशेष कक्ष’ उघडला. मार खाऊन आलेली बाई ठाण्यात आली की तिचे म्हणणे ऐकायला तेथे एक शिकलेली समाजकार्यकर्ती बसलेली असे. पोलिसाने तक्रार नोंदवावी. हिने त्या बाईला आधार द्यावा, कायदा सांगावा, पुढे पाठपुरावा करावा. प्रयोग यशस्वी झाला, इतर जिल्ह्यांत पसरला आणि पुढे राज्य शासनाने तो आपला म्हणून स्वीकारला. आमच्या मते या कामाची योग्य चाल हीच. लोकनिधीने नवी वाट पाडून दाखवावी. ती वाट चांगली ठरली की सरकारने ती आपल्या अंदाजपत्रकात घ्यावी. नाहीतर दात्याचे मन बदलले की बाईचा आधार गेला, असे व्हायचे.

आता आमची शंका पुन्हा पुढे घेतो. न्यूयॉर्क शहरी 1971 मध्ये पोलिसांना मदत करण्यासाठी खास एक निधी स्थापन झाला. नागरिक आणि कंपन्या देणग्या देतात. त्यातून पोलिसांचे उपक्रम चालतात. पुढे अमेरिकेत शहरोशहरी असे निधी निघाले, आणि त्यांच्यावर टीकाही झाली. ती टीका अशी की, करदात्याचा पैसा खर्च करताना नगरसभेत हिशेब द्यावा लागतो. देणगीच्या पैशाचा हिशेब तितक्या उघडपणे मागता येत नाही. आज कंपनीने पोलिसांना यंत्रे दिली, तर उद्या त्या कंपनीविरुद्धची मजुराची तक्रार कोणत्या कानाने ऐकली जाईल? हा प्रश्न न्यूयॉर्कचा तसाच आमच्या खाणींचा आणि कारखान्यांचा आहे. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्याला द्यावा लागतो. पैसा आहे, तो कोणत्या दारातून आत येतो, हे पाहिले पाहिजे.

म्हणून आमच्या अटी चार. पहिली: पैसा गावाला द्यावा, ठाण्याला नव्हे. गावच्या संघटनेला, उपचाराला, साक्षीदाराच्या आधाराला तो खर्चावा. पोलिसांच्या गाड्या, इमारती आणि हत्यारे सरकारनेच पुरवावीत. दुसरी: संस्थेच्या माणसाने खबर द्यावी, साक्ष द्यावी, पण कोणाला पकडू नये, मारू नये, कोणाच्या घरात शिरू नये. गावाच्या नावाने गुंडगिरी सुरू झाली की कायदा गेलाच म्हणून समजा. तिसरी: हिशेब चव्हाट्यावर हवा. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यासाला हिशेब तपासून द्यावा लागतोच. परंतु तो धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीतच न राहता ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे. चौथी: गरिबाच्या अन्नाला हात लागता कामा नये. मोहफूल हे आमच्या जंगलातल्या माणसाचे खाणे आहे, उन्हाळ्यातली कमाई आहे. टोपलीभर मोहफूल वेचणाऱ्या म्हातारीला दटावून धाडीचा आकडा वाढवायचा आणि पिंपांनी माल पोचवणाऱ्याकडे पाठ फिरवायची, असे झाले तर त्या सहकार्यात आम्ही नाही.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. चंद्रपूर हा कोळशाचा जिल्हा. 2015 मध्ये खाणकायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची तरतूद झाली. खाणवाल्याने स्वामित्वधनाच्या ठराविक प्रमाणात या निधीत भर घालायची आणि तो खाणबाधित गावांसाठी वापरायचा. आरोग्य, शिक्षण, पिण्याचे पाणी, स्त्रिया व बालकांचे कल्याण ही कामे त्यात अग्रक्रमाची आहेत. हा एका परीने जिल्ह्याचा लोकनिधीच होय. आणि तो कोणाच्या कृपेचा नाही, जमिनीखाली उतरलेल्या कामगाराच्या घामाचा व उठून गेलेल्या गावांच्या जमिनीचा आहे. ज्या गावांचा त्यावर हक्क आहे, त्यांनी ग्रामसभेत बसून व्यसनमुक्तीचा दवाखाना मागावा, मार खाणाऱ्या बाईसाठी आसरा मागावा. रस्ते व कमानी मागणारे पुष्कळ असतात; हे मागणारे थोडे.

पोलीस गावात धाडीपुरते येतात आणि निघून जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर साक्ष देणारी बाई आणि दारू विकणाऱ्याची बाई समोरासमोर येतात. त्या सकाळी पहिलीच्या पाठीशी आणखी दहाजणी उभ्या असल्या, तर कायदा गावात राहिला. ती एकटी असली, तर तो पोलिसांच्या गाडीबरोबर परत गेला. लोकनिधीचा रुपया त्या दहाजणींना एकत्र आणण्यासाठी खर्च व्हावा, एवढेच आमचे मागणे आहे.