पहाटेच्या रागासाठी फिरते बिऱ्हाड

एका जागी न टिकणाऱ्या माणसाला आपण ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ असे म्हणून मोकळे होतो. बडोद्यासारख्या गावी चार-चार पिढ्या एकाच वाड्यात काढलेल्या घराण्यांना तर ही म्हण विशेष प्रिय. पण आपले मूळपुरुष या मुलखात आले ते काही वाडा बरोबर घेऊन आले नव्हते. लष्कराच्या तळाबरोबर, राहुट्या, बैलगाड्या आणि स्वयंपाकाची भांडी घेऊनच ते आले. तेव्हा चाकांवरचे घर ही कल्पना केवळ साहेबांच्या डोक्यातून निघाली, असे मानण्याचे कारण नाही. असे एक घर प्रस्तुत लेखकाने परदेशात, तेही ऐन उष्ण कटिबंधात, उभे केले. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

देश त्रिनिदाद. दक्षिण अमेरिकेच्या माथ्याशी, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरांवर असलेले हे बेट सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरांचे आहे. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार हिंदी मजूर गिरमिटावर येथे आले. बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांतातले. त्यांच्याबरोबर चौताल आला, ताशा आला, आणि ध्रुपद, ठुमरी, तिल्लाना ही नावे आली. पुढे हिंदुस्थानशी संबंध क्षीण झाला तेव्हा तेथील गवयांनी त्या नावांखाली आपापल्या कानाने एक निराळेच गाणे घडविले. त्याला तेथे ‘तान-गायन’ म्हणतात. १९६६ साली हरिशंकर आदेश तेथे गेले आणि त्यांनी रागसंगीताच्या शिकवणीची बैठक घातली. मी करारावर तीन वर्षे संगीत शिकवावयास गेलो तो या तयार जमिनीवर.

अडचण एकच होती. शिकणारी मंडळी नोकरीधंद्याची. वर्ग सायंकाळी सहानंतर, कुठे देवळाच्या सभागृहात, कुठे कुणाच्या घराखालच्या मोकळ्या जागेत. त्यामुळे यमन, भूप, बिहाग यांची चंगळ. भैरव आणि तोडीच्या वाट्याला मात्र कधी पहाट येतच नसे. नैर्ऋत्य टोकाला सेड्रोसच्या बाजूस एक वर्ग होता. तेथल्या मंडळींना भैरवाचे आरोह-अवरोह, चीज, ताना सर्व येत होते. पण तो राग त्यांनी जन्मात कधी संध्याकाळी सातच्या आधी गाइला नव्हता. मी राहत होतो चग्वानासला. पहाटे पाचला सेड्रोसला पोचावयाचे तर दोनच्या सुमारास उठून, अंधारात खड्डे चुकवीत जावयास हवे. आदल्या रात्री कुणाच्या घरी उतरावे, तर ती मंडळी प्रेमळ. पण दर आठवड्याला पाहुणा आणि तोही चार वाजता तंबोरा जुळविणारा, हा जाच कुणाला का द्यावा?

तंबोरा म्हणजे तंबोराच, पेटीतला विद्युत तंबोरा नव्हे. विद्युत तंबोरा मी नेला होता. तेथील घरांत वीज ११५ व्होल्टची, म्हणून त्याला आणखी एक पेटी लावावी लागे. वाजे चांगला. परंतु बहुतेक विद्यार्थ्यांनी खऱ्या तारेची जवारी कधी समोर बसून ऐकलेली नव्हती. माझ्याजवळ वडिलांचा मिरजेचा तंबोरा होता. वडील विशीच्या आत दरबारच्या कलावंत खात्यात लागले आणि १९४९ साली संस्थान विलीन झाले. नोकरी गेली, वाद्य राहिले. ते मी बरोबर नेले होते. पहिल्याच पावसाळ्यात, भाड्याच्या घरातल्या चांगल्या बंद कपाटात असतानाच, त्याच्या भोपळ्याचा आणि तबलीचा सांधा दोन बोटे उकलला. गिटारी दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने तो सांधला आणि मला सांगितले, “याला पाऊस मारीत नाही, कोंडलेली हवा मारते.” पुढे गाडी बांधताना हे वाक्य मी सूत्र म्हणून वापरले.

गाडी शोधणे हे पहिले काम. त्रिनिदादमध्ये वाहने आपल्यासारखी डाव्या बाजूने चालतात, म्हणून जपानहून वापरलेल्या गाड्या तेथे पुष्कळ येतात. मी तीन पाहिल्या. पहिली निवृत्त ‘मॅक्सी-टॅक्सी’. या तेथल्या वडापच्या गाड्या. पांढऱ्या अंगावर रंगीत पट्टा, आणि पट्ट्यावरून मार्ग कळतो. पूर्व-पश्चिम मार्गाचा लाल; पोर्ट ऑफ स्पेन, चग्वानास, सॅन फर्नांडो या बाजूचा हिरवा. खिडक्या छान, पण इंजिन दमलेले, आणि भाड्याच्या गाडीची खाजगी गाडी करावयाची म्हणजे कागदपत्रांचा वेगळाच प्रपंच. दुसरी मालवाहू, चहूबाजूंनी पत्र्याची बंद. थंड देशातले लोक अशीच पसंत करतात. दुपारी दार उघडून आत डोके घातले आणि लगेच बाहेर काढले. तिसरी खाजगी नावावरची, बाजूला सरकत्या काचा असलेली टोयोटा हायेस. मालकाने ती कुटुंबाची ने-आण करण्यासाठी ठेवली होती.

समुद्रकाठच्या देशात गाडीचे वय वर्षांनी मोजू नये, गंजाने मोजावे. रंगाखाली गंज दडवून वर लांबी भरलेली असते. खिशात लोहचुंबक घेऊन जावे; जेथे तो चिकटत नाही तेथे पत्रा नाही, लांबी आहे. मी आणखी एक केले. भोपळा विकत घेताना आपण बोटाच्या पेराने वाजवून पाहतो तशी सबंध गाडी वाजवून पाहिली. पत्रा खणखणतो, लांबी बद्द बोलते. मालक प्रथम हसला. मागच्या चाकावरच्या कमानीशी बद्द आवाज आला तेव्हा त्याने किंमत आपण होऊन थोडी उतरविली.

आता बांधणी. या विषयावरची जी पुस्तके मिळाली ती थंड देशांतली. त्यांचा सगळा भर भिंतीत लोकर भरण्यावर, फटी बुजविण्यावर आणि शेगडीवर. ती थंडीशी लढतात. आपली लढाई ऊन आणि दमट हवा यांच्याशी. तीच भिंत येथे बांधली तर लोकरीत ओल मुरते आणि पत्रा आतून खातो. म्हणून मी भिंती उघड्या ठेवल्या, फक्त छपराला आतून अस्तर दिले. त्रिनिदाद साडेदहा अक्षांशांवर. एप्रिलच्या मध्यास आणि ऑगस्टच्या अखेरीस सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर असतो. तेथे ऊन भिंतीवर कमी आणि टपावर जास्त. यावर जुना उपाय म्हणजे छपरावर छप्पर. टपापासून चार बोटे वर, मध्ये वारा वाहील अशा बेताने, चौकटीवर पांढरा पत्रा बसविला आणि त्याच्या शेजारी सूर्याच्या विजेचा शंभर वॅटचा तावदानासारखा तक्ता आडवा टाकला. सूर्य माथ्यावरून जाणाऱ्या देशात त्याला कलते करण्याची गरजच नसते, आणि तोही खालच्या टपाला सावली देतो.

शेजाऱ्यांचा आग्रह होता की वातानुकूलन यंत्र बसवा. मी हिशेब मांडला. लहानात लहान यंत्राला सहाशे वॅट धरा. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीत सगळी मिळून बाराशे वॅट-तास वीज. म्हणजे दोन तासांत गाडी मुकी. उलट टपातला पंखा दोन अँपिअर घेतो. आठ तास चालला तरी सोळा अँपिअर-तास, आणि तेवढे तो तक्ता चांगल्या उन्हाच्या दिवसात परत भरून देतो. शिवाय यंत्रासाठी काचा बंद कराव्या लागतात, आणि पहाटे दार उघडले की गार लाकडावर दमट हवेचे दव धरते. तंबोऱ्याला ते मानवले नसते. तेव्हा पंखा टपात, गरम हवा वर ओढून बाहेर टाकणारा. आणि खाली, दाराच्या पायथ्याशी, जाळी लावलेली दोन भोके, गार हवा आत येण्यासाठी. जाळी बारीक घ्यावी. डासांच्या जाळीतून किनाऱ्यावरच्या चावऱ्या चिलटांना अडकाव होत नाही.

पलंगाने मात्र मला थेट आजोळी नेले. प्लायवूडच्या फळीवर रबरी गादी टाकली की माणसाच्या घामाने महिन्याभरात गादीच्या पोटाला बुरशी धरते. लोखंडी चौकट करून त्यावर नवार विणली, झाला पलंग. चौकट सांधणारा लोहार कार्निव्हलसाठी स्टील-पॅनचे गाडे करणारा. हे पॅन म्हणजे पंचावन्न गॅलनांच्या तेलाच्या पिंपाचे बूड ठोकून सुरात आणलेले वाद्य; १९९२ साली ते त्या देशाचे राष्ट्रीय वाद्य झाले. कार्निव्हलमध्ये अशी वाद्ये छप्पर असलेल्या चाकांच्या गाड्यांवर मांडून रस्त्याने ढकलीत नेतात. त्यामुळे वाद्य चाकांवर कसे न्यावे हे त्याला सांगावे लागले नाही. “धक्का लोखंडाने खावा, सुराने नाही,” एवढेच तो म्हणाला, आणि तंबोऱ्यासाठी छताला दोन कड्या लावून दिल्या. त्यांत कापडाची झोळी अडकवली. वाद्य ना भिंतीला टेकलेले, ना कपाटात कोंडलेले. तान्ह्या मुलासारखे मध्यभागी झुलत राही.

लाकूडकाम थोडेच केले, तेही सागवानी. सागवान तेथे १९१३ साली ब्रह्मदेशातून नेऊन लावलेले आहे. सुताराने देशी सीडरही दाखविला. वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. आणि आपल्या तंबोऱ्याची दांडी ज्या तुनाची करतात, त्या तुनाचाच तो भाऊबंद. वास ओळखीचा वाटला म्हणून एक फळी घेतली.

स्वयंपाकाला एकच चूल. गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरची पेटी आतून बंद आणि तिच्या बुडाला बाहेर जाणारे भोक. पाण्याचे वीस लिटरांचे दोन कॅन. आमच्या सौभाग्यवतींनी त्यात एक मसाल्याचा डबा आणि एक कुकर एवढीच भर घातली आणि सांगितले की याहून जास्त सामान म्हणजे घरच झाले. सगळे संपले तेव्हा लक्षात आले की गाडीत घातले त्यापेक्षा गाडीतून काढलेच जास्त: बाके, गालिचा, आतले प्लॅस्टिकचे अस्तर. भोपळा कोरल्यावाचून वाद्य होत नाही, तसेच हे.

पहिला मुक्काम शुक्रवारी रात्री, देवळाच्या आवारात, पुजाऱ्याच्या परवानगीने. मध्यरात्री पावसाने पत्र्यावर असा ताल धरला की झोप नाहीच. चार वाजता पाऊस थांबला. झोळीतून तंबोरा काढला. खर्ज किंचित उतरला होता, सांधा जागच्या जागी. पाच वाजता टॉर्च घेऊन मंडळी आली. नऊ जण होते.

मी काही सांगितले नाही. षड्ज लावला आणि कोमल रिषभावर सावकाश आंदोलन घेतले. बाहेर अजून काळोख, कोंबडे ओरडत होते, ओल्या मातीचा आणि समुद्राचा वास येत होता. साठीतल्या एक बाई होत्या. तिशीपासून भैरव गात आलेल्या. त्यांनी रिषभ लावला तो नेहमीपेक्षा खाली, आणि तेथेच थांबल्या. वर जाण्याची घाई त्यांच्या गळ्यातून गेली होती. उजाडल्यावर त्या म्हणाल्या, “गुरुजी, हा स्वर इतका वेळ थांबू देतो हे मला ठाऊकच नव्हते. संध्याकाळी सगळ्यांना घरी जायचे असते.”

त्यानंतर दोन वर्षे, महिन्यातून दोन शनिवार, हे बिऱ्हाड निरनिराळ्या गावी लागले. मायारोला तोडी झाली, मँझानिलाच्या नारळीखाली ललत झाला. ईशान्येस ग्रांद रिव्हिएरला मात्र मार्च ते ऑगस्ट रात्री किनाऱ्यावर जाता येत नाही. त्या काळात प्रचंड समुद्री कासवे वाळूत अंडी घालावयास येतात, आणि परवाना घेतल्याशिवाय व दिवे मालवल्याशिवाय तेथे कुणी फिरकावयाचे नाही, हा कायदा. तो योग्यच आहे. आम्ही गावात, किनाऱ्यापासून दूर उतरलो. किनाऱ्यावरून परतले की गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुवावयाचे, हा नियम एकदाही मोडला नाही. खारे पाणी उधारी ठेवीत नाही.

करार संपला तेव्हा वाटले होते की गाडी विकून खर्च भरून येईल. गिऱ्हाईक चांगले आले होते. नवार काढून पुन्हा बाके बसविण्याचा त्याचा विचार होता. शेवटी सेड्रोसच्या वर्गातल्या चौघांनी मिळून ती कमी किमतीत घेतली. तोटा झाला; त्याची खंत नाही. तंबोरा मांडीवर घेऊन घरी आणला.

आज आपल्या घरोघरची मुले सिंगापूर, केनिया, मॉरिशस अशा उष्ण देशांत पोचली आहेत. आणि सुट्टीला गाडीतच राहण्याची हौस त्यांनाही लागलेली दिसते. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की थंड देशाचा नमुना जसाच्या तसा उचलू नका. हवा खेळू द्या, सावली करा, विजेचा हिशेब कागदावर मांडा. आणि ते फिरते घर कशासाठी हवे, हे आधी ठरवा. म्हणजे त्यात काय नको, ते आपोआप कळेल. आमच्या बाबतीत ते एका कोमल रिषभासाठी होते. सेड्रोसचा पहाटेचा वर्ग अजून चालतो असे पत्रावरून कळते. शिकवावयास आता त्या बाईच बसतात.