किशोरीताईंचा ‘टाइप’ कोणता?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं आम्हांला गाठलं. “सर, किशोरी आमोणकर कुठल्या पर्सनॅलिटी टाइपच्या?” त्याचा अंदाज तयार होता. आज त्याच प्रश्नाकडे जरा नीट पाहू.

युंगनं 1921 साली अंतर्मुख आणि बहिर्मुख अशी विभागणी मांडली. पुढे अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी तिचे 16 प्रकार केले. आता मोबाइलवर चार अक्षरं मिळतात आणि माणूस कळला असं वाटतं.

हा खेळ आम्हीही खेळून पाहिला. मांडीवर स्वरमंडल, मिटलेले डोळे, तंबोरे मनासारखे जुळेपर्यंत सुरुवात नाही. सभागृहात कुजबुज झाली की नाराजी. म्हणजे अंतर्मुख आणि भावनाप्रधान. शिवाय ‘लहरी’. हा शेवटचा शब्द तरुणपणी आम्हीही वापरलाय, बरं का.

पण आपल्याजवळ पुरावा कुठला? मैफलीतल्या दोन-तीन तासांचा. आणि वागण्यामागे नेहमी स्वभावच असतो का? किशोरीताईंच्या आई मोगूबाई कुर्डीकर, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. वडील लवकर गेले. आईनं गाण्यावर संसार ओढला. आईमागे तंबोऱ्यावर बसणाऱ्या मुलीनं आयोजकांकडून तिला मिळणारी हलकी वागणूक पाहिली. मुलाखतींतून त्यांनी हे सांगितलंय. अशी मुलगी पुढे स्वतःसाठी आणि गाण्यासाठी मान मागते, तेव्हा तो स्वभाव म्हणायचा की निर्णय? स्वभाव म्हटला की विषय संपतो. निर्णय म्हटला की आपल्याला त्यामागचं कारण विचारावं लागतं, आणि ते कारण श्रोते म्हणून आपल्यापर्यंतही येऊन पोचतं. तेच एखाद्या खाँसाहेबांनी केलं तर आपण ‘शिस्त’ म्हणतो, हो ना?

आपल्याकडेही प्रकार पाडलेत. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे असलेल्या शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकरा’त गायकांचे पाच प्रकार दिले: शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक, भावक. गंमत अशी, की हे प्रकार माणसाच्या मिजाशीवरून नाहीत, गाण्यावरून आहेत. शिकवण्यात निपुण तो शिक्षाकार, दुसऱ्याची ढब उचलणारा अनुकार, रसात बुडालेला रसिक, श्रोत्यांना रिझवणारा रंजक आणि गाण्यात नवा भाव ओतणारा भावक.

आता किशोरीताईंना कुठं बसवाल? आईच्या तालमीत त्यांनी अनुकरण केलं. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही त्या शिकल्या. जयपूर घराण्याची चौकट पेलून त्यांनी रागाचा भाव शोधला, त्यावर ‘स्वरार्थरमणी’ लिहिलं, शिष्य घडवले. एकाच गळ्यात पाचही प्रकार येऊन गेले.

म्हणून त्या तरुणाला आमचं उत्तर असं: अंदाज जरूर करा, पण तो गाण्याबद्दल करा, तिथं पुरावा आहे आणि तो पुन्हा पुन्हा ऐकून तपासता येतो. 3 एप्रिल 2017 रोजी किशोरीताई गेल्या. आता चार अक्षरांवर त्यांना हरकत घेता येणार नाही. तेव्हा ती जपून लावायची जबाबदारी आपली.

बरं, आता प्रश्न घेऊ.