काच धुण्याचा धंदा करायचाय? आधी नळाच्या पाण्याचा टीडीएस मोजा

काच पुसण्याचे काम म्हणजे बादली, फडके आणि जुने वर्तमानपत्र, असे अजून पुष्कळ घरांत समजले जाते. पण आता लहान शहरांतही शोरूम, दवाखाने, क्लासेस यांच्या दर्शनी भिंती काचेच्याच असतात आणि गच्च्यांवर सोलर पॅनल आलेत. काम आहे, भांडवल थोडे लागते आणि कमाई हलाल मेहनतीची आहे. म्हणून आपली काही मुले या धंद्याकडे वळू पाहतात. इंग्लंड किंवा आखातातला कुणी भाऊ, चुलतभाऊ व्हिडिओ पाठवतो. त्यात माणूस जमिनीवर उभा असतो, हातात लांबच लांब पोल, पोलच्या टोकाला ब्रश आणि ब्रशमधून पाणी येते. धुऊन झाले की तो निघून जातो. पुसत नाही काहीच, तरी काच लख्ख वाळते.

इथला मुलगा तसाच पोल मागवतो, नळाला जोडतो, काच धुतो. अर्ध्या तासाने काचेवर पांढरे ठिपके! गिऱ्हाईक म्हणते, "यापेक्षा आधी बरी होती."

पोलमध्ये काही वाईट नाही. फरक पाण्यात आहे.

नळाचे पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते, पण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम वगैरेंचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जाते, क्षार उडत नाहीत. चहाच्या पातेल्याला, गीझरच्या कॉइलला जो पांढरा थर बसतो, तोच इथे काचेवर बसतो. एका लिटरमध्ये असे किती मिलिग्रॅम पदार्थ विरघळलेले आहेत, त्याचा आकडा म्हणजे टीडीएस. समजा टीडीएस ४०० आहे आणि एका मोठ्या खिडकीवर धुतल्यानंतर ५० मिलिलिटर पाणी राहिले. ते वाळले की २० मिलिग्रॅम क्षार काचेवर उरले. टीडीएस १० असेल तर उरतो फक्त अर्धा मिलिग्रॅम, जो नजरेला दिसत नाही. म्हणून या धंद्यात १० च्या खाली, जमल्यास शून्याजवळ, असा नियम धरतात.

इथे शब्दांचा एक घोळ होतो. "शुद्ध पाणी" म्हटले की आपल्या मनात पाक पाणी येते. नळाचे पाणी पाकच आहे, वुझूला चालते, आणि सरकारी मानकाप्रमाणे टीडीएस ५०० पर्यंत असलेले पाणी प्यायलाही चांगले. काचेला मात्र पाकी-नापाकीशी देणेघेणे नाही, तिला क्षार नसलेले पाणी हवे.

मग ते करायचे कसे? आधी काय केल्याने होत नाही ते बघू, कारण पैसे तिथेच वाया जातात. तुरटीने गढूळपणा बसतो, विरघळलेले क्षार तसेच राहतात. कपड्याने गाळा, कँडल फिल्टर लावा, टीडीएस जवळपास तेवढाच. दुकानदार हमखास मिठावर चालणारा सॉफ्टनर दाखवतो. तो कॅल्शियम, मॅग्नेशियम काढतो, पण त्यांच्या जागी सोडियम सोडतो. साबणाला फेस छान येतो, पण टीडीएस तसाच राहतो आणि काचेवर डाग पडायचे ते पडतातच.

खरे काम दोन गोष्टी करतात, आरओ आणि डीआय रेझिन. आरओमध्ये पाणी दाबाने अतिशय बारीक पडद्यातून ढकलतात. चांगला पडदा नव्वद-पंच्याण्णव टक्के क्षार अडवतो, म्हणजे ४०० चे २० ते ४० होतात. पडद्याआधी गाळ अडवणारा फिल्टर आणि कार्बन फिल्टर लागतोच, कारण नगरपालिकेच्या पाण्यातले क्लोरीन हा पडदा खराब करते. उरलेले क्षार रेझिन ओढून घेते. हे रेझिन म्हणजे बारीक मणी. पाण्यातले क्षार स्वतःकडे धरतात आणि बदल्यात पाण्याचेच घटक सोडतात. आकडा शून्यावर येतो.

नुसते रेझिन वापरले तर चालत नाही का? चालते, पण हिशोब करा. एक लिटर रेझिन ढोबळमानाने २५ ग्रॅम क्षार धरते. बोअरचे ४०० टीडीएसचे पाणी थेट सोडले तर एका लिटर रेझिनमागे साठएक लिटर पाणी मिळते आणि रेझिन संपते. आधी आरओ लावून पाणी २० वर आणले तर तेच रेझिन बाराशे लिटरच्या आसपास पुरते. मुंबईला तलावांचे पाणी मिळते, तिथे टीडीएस सहसा शंभरच्या आत असतो. तिथला मुलगा आरओशिवाय सुरुवात करू शकतो. मराठवाड्यात बोअरच्या पाण्यावर तसे केले तर नफा रेझिनमध्येच जाईल. इंग्लंडमध्येही हाच प्रकार आहे. लंडनच्या बाजूला खडू-चुनखडीच्या जमिनीमुळे पाणी जड, स्कॉटलंडमध्ये हलके. त्यामुळे तिकडच्या भावाने वापरलेले मशीन इथे तसेच लागू पडेल असे नाही. टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. मशीनच्या आधी तो घ्या आणि पावसाळ्यात व उन्हाळ्यात दोन्ही वेळा मोजा, बोअरचा आकडा बदलतो.

मीटरची एक मर्यादा आहे. तो पाण्यातून वीज किती वाहते यावरून अंदाज करतो. सिलिका विजेला फारशी दाद देत नाही, म्हणून मीटरला नीट दिसत नाही. आपल्या काळ्या खडकातल्या बोअरच्या पाण्यात सिलिका बऱ्यापैकी असते आणि रेझिन थकले की ती आधी निसटते. म्हणून आकडा शून्यावरून वर सरकू लागला की रेझिन बदलावे, दहाची वाट पाहू नये.

वेळेचेही गणित आहे. घरगुती मापाचा १०० गॅलनचा पडदा उत्तम दाब मिळाला तरी दिवसभरात पावणेचारशे लिटर देतो, आणि पोल मिनिटाला दीड-दोन लिटर पितो. म्हणजे रात्रभर टाकी भरून ठेवायची आणि सकाळी गाडीत घ्यायची. ३०० लिटर पाणी म्हणजे ३०० किलो, टाकी घट्ट बांधलेली हवी, नाहीतर ब्रेक लागताच पुढे येईल.

आता आमच्या मते सगळ्यात मोठा प्रश्न. आरओ एक लिटर चांगल्या पाण्यामागे साधारण दोन-तीन लिटर पाणी बाहेर फेकतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात काचेसाठी रोज पाचशे लिटर गटारात सोडणे म्हणजे उघड इसराफ आहे. वाहत्या नदीकाठी वुझू करतानाही पाणी जपायची शिकवण असलेल्या उम्मतीने हे करू नये. ते पाणी वेगळ्या टाकीत घ्या. संडासात, फरशीला, गाडी धुवायला चालते. झाडांना मात्र रोज घालू नका, क्षार मातीत साचतात. वुझूखान्यात वापरायचा विचार असेल तर आपल्या इमाम साहेबांना विचारून घ्या. कोकणात पावसाचे छतावरचे पाणी गाळून साठवले तर फार उत्तम, त्याचा टीडीएस मुळातच कमी असतो आणि ते सरळ रेझिनवर देता येते.

तळमजल्याच्या काचांना तर हे काहीच नको. रबरी पात्याचा वायपर, बादलीभर पाणी, दोन थेंब साबण. वायपर पाणी ओढून घेतो, वाळायला काही उरतच नाही, म्हणून टीडीएस कितीही असो. पोल दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यासाठी आणि सोलर पॅनलसाठी ठेवावा. ब्रिटनमध्ये उंचीवरच्या कामाचे नियम २००५ मध्ये कडक झाले, त्याने शिडी सोडून पोल धरणे वाढले. शिडीवरून पडण्याचा धोका जातो हे खरे, पण विजेच्या तारेचा राहतो. कार्बन फायबरच्या पोलमधून वीज वाहते आणि फायबरग्लासचा ओला पोलही भरवशाचा नाही. वरून तार जात असेल तर त्या बाजूचे काम घेऊ नये, गिऱ्हाईक कितीही म्हणाले तरी.