मर्सीची खाडी स्वच्छ कशी झाली?

नदी समुद्राला मिळते तिथं भरतीचे खारे पाणी आत शिरते. त्या जागेला आपण खाडी म्हणतो. खाडीत मासे वाढतात, कालवं मिळतात, होड्या चालतात. पुष्कळांचे पोट तिच्यावर असते.

पण खाडीची एक अडचण आहे. वरच्या गावांनी नदीत जे जे टाकले, ते सारे तिच्याच पदरात येते. ओहोटीबरोबर घाण बाहेर जाते खरी, पण भरती त्यातली पुष्कळशी पुन्हा आत लोटते. मग मुखाजवळच्या एकट्या गावाने काय करावे? त्याने आपला किनारा झाडला तरी वरून घाण येतच राहणार.

ह्यावर उपाय आहे का? इंग्लंडातल्या मर्सी नदीची हकिकत ऐका.

मर्सीच्या खोऱ्यात मँचेस्टर शहर आहे आणि मुखाशी लिव्हरपूल बंदर आहे. ही नावं आपल्याला अगदीच परकी नाहीत. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस अडला. तेव्हा आपल्या वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईहून जहाजाने लिव्हरपूलला जाई. तिकडच्या गिरण्यांत त्याचे सूत निघे.

ह्या गिरण्यांचे, कागदाच्या, रंगाच्या व रसायनांच्या कारखान्यांचे सांडपाणी शंभरावर वर्षे नदीत पडले. शहरांचा मैलाही पडला. मैला पाण्यात कुजतो, तेव्हा पाण्यातला प्राणवायू संपतो. मासाही श्वास घेतो, हे ध्यानात ठेवा. प्राणवायू नाही, तर मासा गुदमरून मरतो. मर्सीत कित्येक ठिकाणी मासा औषधालाही उरला नव्हता.

१९८५ साली 'मर्सी खोरे मोहीम' सुरू झाली. मुदत किती? पंचवीस वर्षे! सरकार, नगरपालिका, पाणीपुरवठा मंडळ, कारखानदार आणि स्वयंसेवी मंडळे एकत्र बसली. प्रत्येकाने आपला वाटा उचलला. लिव्हरपूलचा मैला पूर्वी थेट नदीत जाई. किनाऱ्याने मोठे गटार बांधून तो शुद्ध करण्याच्या केंद्राकडे वळवला. कारखान्यांच्या सांडपाण्यावर बंधने आली. लोकांनी आपापल्या ओढ्यांतला कचरा काढला. काही जुने कारखाने बंद पडले, त्यानेही घाण कमी झाली, हेही सांगितले पाहिजे.

२००२ साली सबंध नदीभर मासा जगेल इतका प्राणवायू आढळला. सॅल्मन नावाचा मासा परत आला. हा मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदी चढतो. वाटेत एक टप्पा जरी नासका असला, तरी त्याची वाट बंद! वरच्या गोइट नदीत त्याची पिल्लं सापडली, तेव्हा सगळी वाट मोकळी झाल्याची खूण पटली.

मोहीम २०१० साली संपली. काम मात्र संपलेले नाही. जोराचा पाऊस झाला की गटारं भरतात आणि मैला नदीत जातो. पाण्यात प्लास्टिकचे बारीक कणही सापडतात. घर एकदा झाडून कधी भागते का?

आम्हांला ह्यात एक गोष्ट मोलाची वाटते. वर डोंगराकडे राहणाऱ्याच्या ताटात खाडीचा मासा कदाचित कधी यायचाही नाही. तरी त्याच्या गावचे पाणी शुद्ध झाले, म्हणून खालचा मासा जगला.

आपण म्हणतो, 'गाव करी ते राव न करी.' खाडीच्या कामाला एक गावही पुरत नाही. तिथं साऱ्या खोऱ्याने एक गाव व्हावे लागते. आपल्या गावचा ओढा कोणत्या नदीला मिळतो? ती नदी पुढे कोणाच्या दारावरून जाते? आज घरी ह्याचा विचार करा. ग्रामसभेत हा प्रश्न काढा, आणि शेजारच्या गावालाही बोलवा.