बेर्नार नातां : पाथेचा स्थलांतरित सूत्रधार

रुमानियातील याश शहरात १८८६ साली ज्यू कुटुंबात जन्मलेले बेर्नार नातां पॅरिसला स्थायिक झाले, पहिल्या महायुद्धात फ्रान्सकडून स्वेच्छेने लढले आणि ‘रॅपिड फिल्म’ ही प्रयोगशाळा, म्हणजे फिल्म धुऊन तिच्या प्रती काढणारा कारखाना, चालवता चालवता निर्माते झाले. १९२९मध्ये पाथे कंपनीची सूत्रे हाती घेऊन त्यांनी तिला बोलपटाच्या युगात आणले. रेमाँ बेर्नार दिग्दर्शित ‘ले मिझेराब्ल’ (१९३४) ही त्याच काळातील निर्मिती. पुढे कंपनी दिवाळखोरीत गेली, १९३८मध्ये आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपावरून त्यांना अटक झाली, आणि १९४२मध्ये फ्रेंच प्रशासनाने नाझींच्या स्वाधीन केल्यावर त्यांना आउश्वित्झच्या मृत्युछावणीत धाडण्यात आले. पॅरिसमधील त्यांच्या स्टुडिओच्या वास्तूत आज ‘ला फेमिस’ ही राष्ट्रीय चित्रपट प्रशिक्षण संस्था भरते.