नाव छापलेले सदरे किती दिवसांत मिळतात?

नागपूरच्या स्टेशनावर तुम्ही कधी ना कधी उतरला असाल. तिथे हमाल दिसतो. अंगात लाल सदरा, दंडावर पितळी बिल्ला. "तू कोण?" असे त्याला कोणी विचारीत नाही. सदरा आणि बिल्ला पाहूनच ते कळते.

आता गावातही असे सदरे दिसू लागले आहेत. नळाचे पाणी सोडणारा माणूस, नाल्या साफ करणारे मजूर, बचत गटाच्या बाया, कबड्डीचा संघ. छातीवर किंवा पाठीवर गावाचे नाव आणि एखादे चित्र. या चित्राला हल्ली सगळे 'लोगो' म्हणतात. आम्ही जुनी माणसे 'चिन्ह' म्हणतो.

असे सदरे करायला टाकायचे, तर किती दिवस आधी टाकावेत? दुकानदाराला विचारले की तो म्हणतो, "चार दिवसांत देतो." आपण चार दिवस मोजत बसतो. सण येतो नि जातो, सदरे काही येत नाहीत. मग दुकानदार खोटे बोलला काय? दर वेळी तसे नसते. त्याचे चार दिवस एका दिवशी सुरू होतात आणि आपले दुसऱ्याच दिवशी. ते कसे, हे समजून घेऊ.

आपल्या आंधळगावात हातमाग आहेत. कोशाचे कापड इथे विणले जाते. ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढलेला कोसा जंगलातून येतो. तो उकळायचा, त्याचा धागा काढायचा, ताणा करायचा, मग एकेक धागा फणीतून ओवायचा. एवढे होईपर्यंत वीतभरही कापड झालेले नसते. नव्या माणसाला वाटते, अजून कामच सुरू नाही! पण अर्धे काम झालेले असते. धोटा चालू लागला की कापड डोळ्यांना वाढताना दिसते. करवतीच्या दातांसारख्या काठाची साडी असेल, तर तीन धोटे चालवावे लागतात. तिला आणखी वेळ लागतो. आणि ताणा मागावर चढल्यावर गिऱ्हाईक म्हणाले, "काठाचा रंग बदला," तर विणकर काय म्हणेल, ते या पुस्तकात छापण्यासारखे नाही.

सदऱ्यावरच्या छपाईचेही असेच आहे. वेळ छापायला लागत नाही, तयारीला लागतो.

ही छपाई कशी करतात ते पाहा. आधी गावाचे नाव आणि चित्र संगणकावर काढतात. मग ते काळ्या शाईने एका पारदर्शक कागदावर उतरवतात. त्याला फिल्म म्हणतात. लाकडाच्या किंवा लोखंडाच्या चौकटीवर बारीक जाळी ताणून बसवलेली असते. आपल्या पिठाच्या चाळणीपेक्षा पुष्कळ बारीक. तिच्यावर एक रसायन लावतात. या रसायनावर उजेड पडला की ते घट्ट होते. फिल्म जाळीवर ठेवून जोराचा उजेड देतात. जिथे काळे अक्षर असते तिथे उजेड पोचत नाही, म्हणून तेवढे रसायन मऊच राहते आणि पाण्याने धुऊन जाते. झाले! अक्षराच्या आकाराची जाळी मोकळी झाली. आता ती सदऱ्यावर ठेवायची, शाई ओतायची आणि रबराच्या पट्टीने ओढायची. शाई मोकळ्या जागेतून खाली उतरते. खाली 'आंधळगाव' उमटते.

एक सदरा छापायला मिनिटसुद्धा लागत नाही. बारा असोत की दोनशे, जाळी एकच. म्हणून दहावीस सदरे वाढले तर दिवस फारसे वाढत नाहीत. पण रंग वाढला की दिवस वाढतो आणि पैसाही वाढतो, कारण प्रत्येक रंगाला निराळी जाळी लागते. गडद कापडावर फिकट रंग हवा असेल, तर बहुतेक वेळा खाली आधी पांढरा थर द्यावा लागतो. ती आणखी एक जाळी. शाई वाळल्यावर तिला उष्णता देऊन पक्की करतात. ही घाई चालत नाही. कच्ची राहिली तर दोनचार धुण्यांत नाव निघून जाते. पावसाळ्यात हवेत ओल असते, तेव्हा वाळायलाही वेळ लागतो.

दुसरी रीत यंत्राच्या भरतकामाची. धाग्याने काढलेले नाव छपाईपेक्षा जास्त टिकते. पण तिथे हिशेब उलटा. प्रत्येक सदरा यंत्रावर चढवून नाव टाक्याटाक्याने भरावे लागते. सदरे वाढले की दिवसही वाढले. तिसरी रीत म्हणजे तयार चित्र गरम यंत्राखाली दाबून चिकटवणे. दोनतीन सदऱ्यांना ती बरी. त्याच दिवशी काम होते. पण रोज चिखलात, उन्हात काम करणाऱ्या माणसाला ती आम्ही सुचवणार नाही. वारंवार धुतल्यावर कडा सुटू लागतात.

आता आमचीच फजिती सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही काही मंडळींनी वर्गणी काढली. गावात झाडलोट करणारी नि पाणी सोडणारी अशी बारा माणसे होती. त्यांना २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर नाव छापलेले सदरे द्यायचे ठरले. संक्रांत आटोपून १५ तारखेला आम्ही शहरातल्या दुकानात गेलो. "चार दिवस," दुकानदार म्हणाला. आम्ही म्हटले, चांगले अकरा दिवस आहेत हाताशी!

चित्र म्हणून आम्ही मोबाईलमधला एक फोटो दिला. तो धूसर होता. ते चित्र पुन्हा काढावे लागले, त्यात दोन दिवस गेले. मापे आम्ही लिहून दिली होती, 'आठ मध्यम, चार मोठे'. दुकानदाराने विचारले, मध्यम म्हणजे छाती ३८ की ४०? आम्हांला कुठे ठाऊक! बारा जणांची छाती मोजायला आणखी दोन दिवस गेले. खाकी रंगात ४२ मापाचे सदरे दुकानात नव्हते. ते बाहेरून आणावे लागले. अशी २२ तारीख उजाडली, तेव्हा कुठे नमुन्याचा एक सदरा हाती आला. आम्ही पाहिला. झकास होता. "छापा," असा निरोप फोनवरच दिला आणि सदरा वर्गातल्या खुंटीला अडकवला.

संध्याकाळी साक्षरतेचा वर्ग भरला. त्या बारा जणांपैकी एक बाई वर्गाला यायची. वर्षभरापूर्वी तिला अक्षर ओळख नव्हती. ती सदऱ्यापुढे उभी राहून बोट ठेवून वाचू लागली. मग म्हणाली, "गुर्जी, आपल्या गावाच्या नावावर टिंब असते ना जी? इथं तं नाही दिसत."

आम्ही चष्मा लावून पाहिले. 'आधळगाव'. अनुस्वार गेलेला! पस्तीस वर्षे आम्ही पोरांच्या वह्यांतले अनुस्वार लाल शाईने काढले होते. आणि आपल्याच गावाचे नाव न वाचता 'झकास' म्हणून मोकळे झालो. आपल्याला ओळखीचे नाव आपण वाचत नाही, नुसते पाहतो. ती बाई अजून अक्षर अक्षर लावून वाचते, म्हणून तिला ते दिसले.

रात्रीच फोन केला. सुदैवाने छपाई सुरू झाली नव्हती. पण नावाची फिल्म नवी, जाळी नवी. पाण्याच्या थेंबाच्या चित्राची जाळी तेवढी जुनी चालली. मध्ये २६ तारखेची सुटी आली. सदरे आले ३१ जानेवारीला. झेंडावंदनाला ती बारा माणसे आपल्या जुन्याच कपड्यांत उभी होती. आम्ही त्यांची नावे तेवढी वाचून दाखवली. दुकानदाराचे चार दिवस खरेच होते. मजकूर पक्का झाल्यावर त्याने चारच दिवस घेतले, सुटी सोडून.

म्हणून दिवस पुढून मोजू नयेत, मागून मोजावेत. समजा, १ मे ला, महाराष्ट्र दिनी, सदरे हवेत. घालून पाहायला आणि एखादा बदलून घ्यायला चार दिवस हवेत. म्हणजे २७ एप्रिलला ते घरात पाहिजेत. छापून वाळायला चार दिवस धरा. २३ झाली. त्याआधी जाळी आणि नमुना, पाच दिवस. १८ झाली. तयार सदरे गोळा करायला आठवडा. ११ झाली. मापे, रंग आणि मजकूर ठरवायला आपला एक आठवडा. म्हणजे ४ एप्रिलला कामाला लागायला हवे. शिंप्याकडून शिवून घ्यायचे असतील, तर आणखी पंधरवडा मागे जा. त्या दिवसांत लग्नसराई असते, शिंप्याला मान वर करायला फुरसत नसते. पुष्कळ ठिकाणी लग्नपत्रिका छापणारेही हेच छपाईवाले असतात. आणि पैसा ग्रामपंचायतीचा असेल, तर मासिक सभा, ठराव, दरपत्रके हे सगळे आधी. मग फेब्रुवारीतच विषय काढावा.

इसार देताना पावती घ्यावी. सदरे किती, कोणत्या मापाचे किती, कापड कोणते, रंग कोणता, नाव छातीवर की पाठीवर, द्यायची तारीख कोणती, हे सगळे पावतीवर लिहून घ्यावे. नावही मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे, तोंडी सांगू नये. नमुना आला की तो दोघांनी वाचावा. त्यातला एक जण नवा वाचणारा असला तर उत्तम.

सदरे घरी आले की दुकानदाराला विचारा, पहिले धुणे किती दिवसांनी करायचे. धुताना सदरा उलटा करावा, नावावर ब्रश घासू नये. इस्त्री उलट्या बाजूने करावी. गरम इस्त्री थेट नावावर ठेवली तर शाई इस्त्रीला चिकटते.